तोट्याचं सोडत सोडत

मुंबईच्या कापडगिरण्या कशामुळे गेल्या असं विचारलं की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. संपामुळे गेल्या, हे एक. मालकांचा जमिनींवर डोळा होता म्हणून गेल्या, हे दुसरं. दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्ही उत्तरं गोष्ट सुरू करतात ती जानेवारी १९८२ पासून. गिरण्यांचा पाया त्याआधी पंचवीस-तीस वर्षं खचत होता आणि त्याचं कारण लालबाग-परळमध्ये शोधून सापडत नाही. त्यासाठी भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या पत्र्याच्या शेडांत जावं लागतं. भांडवल, यंत्रं, कसबी माणसं, बाजारातलं नाव, सरकारदरबारी वजन, सगळं ज्यांच्याकडे होतं त्या गिरण्यांनी कापडाचा बाजार गमावला तो अशा मागांपुढे, ज्यांतले कित्येक त्यांनीच निकाली काढून विकले होते.

सुस्थापित कंपन्या नव्या आणि किरकोळ दिसणाऱ्या स्पर्धकापुढे का टिकत नाहीत, याची चर्चा गेली पंचवीस-तीस वर्षं जगभर चालू आहे. तिच्यात कोडॅक येतं, नोकिया येतं आणि शेवटी ‘वेळीच बदला, नाहीतर संपाल’ असा उपदेश येतो. मला हा उपदेश अपुरा वाटतो, काही बाबतींत अन्यायकारकही वाटतो. तो का, हे सांगायला गिरण्यांइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. इथे काय झालं ते टप्प्याटप्प्याने पाहता येतं आणि त्याची किंमत कुणी मोजली तेही.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. पुढच्या शंभर वर्षांत मुंबईची गिरणी ही एक संपूर्ण व्यवस्था झाली. एका दारातून कापसाच्या गासड्या आत जायच्या आणि दुसऱ्या दारातून शिक्का मारलेलं, घडी घातलेलं कापड बाहेर पडायचं. मधे ब्लोरूम, कार्डिंग, रिंग, वाइंडिंग, सायझिंग, साचाखातं, रंगखातं, फोल्डिंग अशी खात्यांची रांग. वाफ आणि विजेची सोय आवारातच, दुरुस्तीची वर्कशॉप आवारातच. तीन पाळ्या, पगारी सुट्टी, प्रॉव्हिडंट फंड, बोनसचा वाद, युनियनचं ऑफिस. हे सगळं कामगारांनी भांडून मिळवलेलं होतं आणि बदली कामगारांच्या वाट्याला त्यातलं फारच थोडं येत होतं, म्हणून त्या काळाचं गोडवे गाणारं चित्र मला रंगवायचं नाही. मुद्दा एवढाच की गिरणीतून निघणाऱ्या प्रत्येक वारावर या साऱ्या व्यवस्थेचा खर्च चढत होता. भारी कापडाला तो पेलत होता. जाड्याभरड्या कापडाला पेलत नव्हता.

यंत्रमागाकडे यातलं काहीच नव्हतं. गिरणीतला साचा आणि शेडमधला यंत्रमाग हे मुळात एकच यंत्र. शोध लागला होता तो यंत्राचा नाही, मांडणीचा. गिरणीने जे एका भिंतीआड एकत्र आणलं होतं, ते या गावांनी पुन्हा सुटं केलं. सूत व्यापाऱ्याचं. बीम सायझिंगवाल्याकडून भरून यायचा. माग खर्चीवाल्याचे, म्हणजे मजुरीवर दुसऱ्याचं कापड विणून देणाऱ्याचे. त्याचा भाव ठरणार पिकावर, कापडाच्या इंचात आडवे धागे किती बसतात त्यावर. विणणाऱ्याला पैसे कापडाच्या मापाने. कांडी भरणारा, वहिफणी करणारा, जॉबर, घडीवाला, सगळे कामापुरते. कोरं कापड व्यापारी उचलणार आणि प्रोसेसला पाठवणार. मंदी आली की खर्च आपोआप थांबायचा, कारण बसून पगार कुणालाच नव्हता. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ साली, जहागीरदारांच्या पाठबळावर. मालेगावात १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती होतीच. हातमाग सोडून वीजमागावर येणं ही त्यांच्यासाठी चार-दोन मागांची, घराच्या पडवीत मावणारी गोष्ट होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातले यंत्रमाग हजारांत मोजले जात. नव्वदच्या दशकात त्यांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेलेला होता.

मग गिरण्या काय करत होत्या? माझ्या मते या गोष्टीचा गाभा इथे आहे. गिरण्या झोपल्या नव्हत्या. त्या दर टप्प्यावर आपल्या हिशेबाने योग्य तेच करत होत्या.

पहिल्या टप्प्यात त्यांनी स्वस्त कापड सोडलं. सरकारने साठच्या दशकापासून नियंत्रित कापडाचा बोजा त्यांच्यावर टाकला होता. ठरावीक भागाचं कापड ठरवून दिलेल्या दराने, पुष्कळदा तोट्यात, विकावं लागत होतं. त्यामुळे साध्या धोतर-लुगड्याच्या मालातून अंग काढून पॉपलीन, शर्टिंग, सूटिंग आणि पुढे टेरीकॉटकडे वळणं कोणत्याही व्यवस्थापकाला शहाणपणाचं वाटलं असतं. सोडलेली जागा भिवंडी-मालेगावने घेतली. गिरणीच्या ताळेबंदात याची नोंद तोटा कमी झाला अशीच झाली.

दुसऱ्या टप्प्यात साचे विकले. काही गिरण्यांनी स्वयंचलित माग आणले, काहींनी साचाखातीच आवरती घेतली. जुने, पूर्ण घसारा झालेले माग गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे होते आणि गिऱ्हाईक ठाणे जिल्ह्यातच होतं. भंगाराच्या भावापेक्षा चार पैसे जास्त मिळाले, हीदेखील मिळकतच. तिसरा टप्पा सुताचा. सरकारने गिरण्यांच्या मागांची संख्या पन्नासच्या दशकातच गोठवली होती, पण चात्यांवर तसा लगाम नव्हता. सूत कातून बाजारात विकलं तर ते स्वतः विणण्यापेक्षा परवडत होतं. घेणारे अर्थात यंत्रमागवाले. आणि चौथा टप्पा, जो बाहेरच्या माणसाला सर्वांत कमी दिसला: कोरं कापडच भिवंडीहून घ्यायचं, आपल्या रंगखात्यात त्यावर प्रक्रिया करायची, आपला शिक्का मारायचा. स्वतः विणण्यापेक्षा हे स्वस्त पडत होतं आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नव्हता.

या चारही पावलांचा कागद एखाद्या कसलेल्या हिशेबनिसासमोर ठेवा. तो चारांवर सही करील. कमी नफ्याचं काम सोडलं, निकामी यंत्र विकलं, जास्त नफ्याचा माल वाढवला, खरेदी स्वस्तात केली. यांतल्या कुठल्याही टप्प्यावर ‘हे करू नका, हे लोक उद्या आपल्याला खातील’ असं म्हणणाऱ्या माणसाला संचालक मंडळाने आकडे मागितले असते आणि त्याच्याकडे आकडे नसते. आलेल्या उद्याचे आकडे असतात, न आलेल्या उद्याचे नसतात. चार पावलांनंतर गिरणीकडे काय उरलं? चाती, रंगखातं, नाव आणि जमीन. विणणं, म्हणजे जो उद्योग आहे असं जग समजत होतं तोच, दुसरीकडे गेलेला होता.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे क्लेटन ख्रिस्तेन्सेन यांनी १९९७ साली ‘द इनोव्हेटर्स डिलेमा’ या पुस्तकात हीच यंत्रणा उलगडून दाखवली. त्यांची उदाहरणं संगणकाच्या हार्ड डिस्कची आणि अमेरिकी पोलादाची. भंगार वितळवणाऱ्या लहान गिरण्यांना मोठ्या पोलाद कंपन्यांनी बांधकामाची सळई खुशीने सोडली, कारण सळईत नफा सर्वांत कमी. मग अँगल सोडले, मग तुळया, शेवटी पत्र्यापर्यंत वेळ आली. जालन्याच्या सळईचा धंदा ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना, भंगारातून सुरू झालेला माणूस किती लांब जाऊ शकतो हे वेगळं सांगायला नको. ख्रिस्तेन्सेन यांचं म्हणणं असं की या कंपन्या वाईट कारभारामुळे पडत नाहीत, चांगल्या कारभारामुळे पडतात. मोठं गिऱ्हाईक सांभाळा, नफा जास्त तिथे पैसा लावा, हे जे शिकवलं जातं तेच त्यांना बुडवतं. २०१४ मध्ये इतिहासकार जिल लेपोर यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये या सिद्धांतावर कडक टीका केली. उदाहरणं सोयीची निवडली आहेत, आणि हरल्या म्हणून दाखवलेल्या कित्येक कंपन्या पुढे चांगल्या जगल्या, असा तिचा रोख होता. ती टीका मला पुष्कळ अंशी पटते. तरीही कमी नफ्याचा कोपरा सोडून देण्याची सवय कशी जडते, याचं ख्रिस्तेन्सेन यांनी केलेलं वर्णन मुंबईच्या गिरण्यांना जवळजवळ टप्प्यानिशी लागू पडतं.

इथे एक आक्षेप हमखास येईल आणि तो हलका नाही. यंत्रमाग जिंकला तो कायद्याला बगल देऊन आणि मजुराला पिळून, त्याला नावीन्य कसलं म्हणता? १९४८ च्या फॅक्टरी कायद्याखाली वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार असले की कारखाना ठरायचा. मग एकाच शेडमधले माग भाऊ, मेहुणा, बायको अशा नावांवर वाटले जायचे. अबकारी करात छोट्यांना सूट होती, मोठ्यांना नव्हती. बारा-बारा तासांच्या पाळ्या, धुरळा, बहिरेपण, क्षयरोग, आणि मागाच्या शेजारीच झोपायची जागा. हे सगळं खरं आहे आणि ते झाकून यंत्रमागाचं कौतुक करणं मला शक्य नाही. पण स्वस्त स्पर्धक बहुतेक वेळा असाच येतो. नियम ज्याच्या अंगाला बसत नाहीत असा आकार तो शोधतो, आणि तो आकार हाच त्याच्या नावीन्याचा मोठा भाग असतो. ॲपवरून टॅक्सी पुरवणाऱ्या कंपन्यांनी जगभर तेच केलं. चालक आमचा नोकर नाही, ही त्यांची सर्वांत फायद्याची कल्पना होती. ज्याला आपण तंत्रज्ञानाची झेप म्हणतो तिच्यात जोखीम कुणाच्या अंगावर ढकलली हे पाहिल्याशिवाय तिचं मोल करता येत नाही.

धुण्याच्या पावडरीत निरमाने काय केलं ते पाहा. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये घरच्या घरी पिवळी पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. हिंदुस्तान लिव्हरच्या सर्फच्या साधारण पावपट किमतीत. हाताने मिसळलेली, छोट्या उद्योगाच्या सवलतीत बसणारी, त्यामुळे करही नाही. हातांना ती झोंबायची, सुगंध नव्हता. हिंदुस्तान लिव्हरला ही पावडर घेणारी बाई आपली गिऱ्हाईकच वाटत नव्हती, कारण तिने सर्फ कधी घेतलाच नव्हता, ती वडी घासत होती. कंपनीच्या हिशेबात जिचं अस्तित्व नव्हतं अशा बाईने निरमाला देशभर नेलं. लिव्हरने ललिताजींना टीव्हीवर आणून, स्वस्त घेणं आणि शहाणपणाने घेणं यांत फरक आहे असं सांगून पाहिलं. ती जाहिरात गाजली, आठवणीत राहिली. पण निरमाची गिऱ्हाईक ती जाहिरात पाहून निरमा टाकणारी नव्हती.

यानंतर लिव्हरने जे केलं ते गिरणीमालकांनी कधी केलं नाही. त्यांनी सर्फ स्वस्त करायच्या नादी न लागता सगळा हिशेबच नव्याने मांडला. निरमाला रोखायच्या या मोहिमेला कंपनीत ‘स्टिंग’ असं नाव होतं. १९८७ च्या सुमारास व्हील आलं: वेगळी पावडर, वेगळा खर्च, उत्पादन जागोजागच्या छोट्या कारखान्यांत वाटलेलं, वितरण खेड्यातल्या टपरीपर्यंत. प्रत्येक पाकिटामागे नफा थोडा आणि पाकिटं अफाट. सर्फच्या खात्याच्या मोजपट्टीने मोजलं असतं तर व्हील पहिल्याच बैठकीत मेलं असतं. ते वेगळ्या पट्टीने मोजलं म्हणून जगलं, आणि पुढे देशातल्या सर्वांत खपाच्या पावडरींमध्ये गेलं.

म्हणजे प्रस्थापित कंपनीला लढता येतं. मग लिव्हर लढली आणि गिरण्या का लढल्या नाहीत? लिव्हरचे अधिकारी हुशार आणि गिरणीमालक मंद होते, हे उत्तर मला मान्य नाही. कापडबाजारात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली ती घराणी होती. सरकारी बंधनं गिरण्यांवर जास्त होती, हे बरोबर आहे. मागांची संख्याच गोठवली तर लढायचं कशाने, हा प्रश्नही रास्त आहे. पण १९८५ च्या कापड धोरणाने ती बंधनं बरीचशी उठवली, तरीही चित्र पालटलं नाही. माझं उत्तर असं आहे की लिव्हरला पळायला वाट नव्हती आणि गिरणीमालकांना होती. पावडर आणि साबण हाच लिव्हरचा प्राण होता. तो बाजार गेला असता तर दुकानदारांच्या त्या प्रचंड जाळ्याला किंमत उरली नसती. गिरणीमालकाच्या पायाखाली मात्र मुंबईच्या मध्यभागची जमीन होती. कापड चालो न चालो, तिचा भाव वर्षागणिक वाढत होता. गिरणीत पैसा घालण्यापेक्षा गिरणीतून पैसा काढून दुसऱ्या धंद्यात घालणं फायद्याचं आहे हे संपाच्या कितीतरी आधी कळलेलं होतं. ज्याच्या घराला मागचं दार उघडं आहे त्याने पुढच्या दारी प्राण पणाला लावावेत ही अपेक्षा कुठल्याच हिशेबात बसत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले तेव्हा ही सगळी मांडणी तयार होती. त्यांच्या मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करणं होतं, आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच एकमेव मान्यताप्राप्त संघटना ठरवणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणंही होतं. त्या मागण्या चुकीच्या होत्या असं मला आजही वाटत नाही. घात झाला तो दुसरीकडे. साचा थांबवला की कापड थांबतं आणि कापड थांबलं की मालक वाटाघाटीला येतो, या समजावर संपाची सगळी ताकद उभी होती. आणि कापड थांबलं नाही. भिवंडीत माग रात्रंदिवस चालत होते आणि गिरण्यांचा शिक्का असलेलं कापड बाजारात येतच होतं. चौथं पाऊल ज्या दिवशी पडलं त्याच दिवशी कामगारांच्या हातातलं हत्यार बोथट झालं होतं, आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला.

कंपन्या नव्या स्पर्धकापुढे का पडतात याबद्दलच्या, म्हणजे ‘डिसरप्शन’च्या साहित्यात मला जे खटकतं ते इथे येऊन ठेपतं. त्यात ‘कंपनी’ हे जणू एकच माणूस असल्यासारखं बोलतात. कंपनीने ओळखलं नाही, कंपनी बदलली नाही, कंपनी संपली. गिरणी नावाची कंपनी संपली, पण तिच्यातली सगळी माणसं एकसारखी संपली नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीची विक्री शक्य झाली. एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, म्हणजे शहराच्या आणि घरांच्या हिश्शाला फारसं काही राहिलं नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. त्याच्या आदल्याच वर्षी, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातल्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन लिलावात ७०२ कोटींना गेली होती. दुसरीकडे गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले आणि २०१२ च्या सोडतीत निघालेली घरं सात हजारांच्या आतच होती.

तेव्हा ‘गिरण्या बदलल्या नाहीत म्हणून संपल्या’ हे वाक्य मी स्वीकारत नाही. मालकी बदलली: कापडातून जमिनीत गेली आणि तगली, बहरलीही. बदलण्याची मुभा नव्हती ती साचेवाल्याला. कुठलं यंत्र आणायचं, कुठलं कापड सोडायचं, साचे कुणाला विकायचे, यांतल्या एकाही निर्णयात त्याचं मत विचारलं गेलं नाही. आणि विणकाम जगवण्यात ज्याचा खराखुरा जीव अडकला होता असा त्या आवारात तोच एकटा होता. निर्णय ज्याच्या हाती त्याला धंदा टिकण्याची गरज नाही आणि ज्याला गरज त्याच्या हाती निर्णय नाही, ही स्थिती असताना प्रस्थापित उद्योग नव्या स्पर्धकापुढे का टिकत नाहीत, याचं निम्मं उत्तर तंत्रज्ञानात शोधायचं कारणच उरत नाही.

लिव्हरच्या विजयालाही ही दुसरी बाजू आहे. छोट्या कारखान्यांत काम वाटणं हे व्हीलच्या यशाचं एक अंग होतं, म्हणजे निरमाची पद्धत लिव्हरने उचलली. पण काम बाहेर गेलं की आतल्या माणसाचं काय, हा प्रश्न मुंबईच्या शिवडीच्या कारखान्यात लगेच उभा राहिला. १९८८ मध्ये तिथे टाळेबंदी झाली आणि ती जवळपास वर्षभर टिकली. उत्पादन बाहेर वळवलं जातंय, ही तिथल्या युनियनची जुनी तक्रार होती. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत व्हीलची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. शिवडी त्यात क्वचितच येते.

कोडॅकचा दाखला माझ्या म्हणण्याच्या आड येतो, तो टाळून चालणार नाही. कोडॅकच्या पायाखाली परळची जमीन नव्हती. तरीही ती कोसळली. १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा करून दाखवला होता. ०.०१ मेगापिक्सेलचं काळं-पांढरं चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत होते. कंपनीने तो विषय गाडून टाकला ही दंतकथा अर्धवट आहे. पुढे कोडॅकने डिजिटलमध्ये पैसा घातला आणि २००५ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत ती पहिली होती. पण फिल्मच्या प्रत्येक रोलमागे जो नफा होता तो कॅमेऱ्यात नव्हताच, कुणालाच नव्हता, आणि जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. काही वेळा नवा बाजार जुन्याएवढ्या माणसांना पोसूच शकत नाही, हे कबूल केलं पाहिजे. फुजीफिल्मने शिगेताका कोमोरींच्या काळात फिल्मचं रसायनशास्त्र एलसीडी पडद्यांच्या पापुद्र्यांत आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरून कंपनी वाचवली, पण तिथेही फोटोच्या विभागातल्या हजारो नोकऱ्या गेल्याच. अशा वेळी प्रश्न बदलतो. कंपनी वाचली की नाही हा मुद्दा मागे पडतो आणि जाणाऱ्या माणसांना काय देऊन पाठवलं हा पुढे येतो. त्याचं उत्तर बाजार देत नाही. ते कायद्याने आणि करारांनी द्यावं लागतं.

हे सगळं आज उगाळायचं कारण, गिरण्यांना हरवणारे आता स्वतः प्रस्थापित झाले आहेत. बिनधोट्याचे वेगवान माग, एअरजेट आणि रॅपिअर, साध्या मागाच्या कितीतरी पट कापड काढतात आणि त्यात दोष कमी असतात. इचलकरंजीत ते आले आहेत, पण ज्यांना परवडले त्यांच्याकडे. खर्चीवाल्याचा हिशेब तोच आहे जो एकेकाळी गिरणीचा होता. साध्या मागाची किंमत केव्हाच वसूल झाली. आज तो चालवला तर वीज आणि मजुरी निघते, वर थोडं उरतं. नव्या मागाला मोठं कर्ज, आणि सूत व कापड दोन्ही व्यापाऱ्याचं असल्याने गिऱ्हाईक कोण हेच त्याला माहीत नाही. म्हणून तो वीजदराच्या सवलतीसाठी आंदोलन करतो, एक हंगाम आणखी काढतो. प्रत्येक हंगामापुरतं त्याचं बरोबर असतं. भिवंडीत तर मागचं दारही उघडलं आहे. मुंबईच्या वेशीवरचं ते गाव आता ऑनलाइन विक्री करणाऱ्यांच्या गोदामांचं ठाणं झालं. माग भंगारात घालून शेड भाड्याने देणं हे विणण्यापेक्षा सोपं आणि खात्रीचं आहे, आणि मी त्या मागमालकाला दोष देणार नाही.

पण या वेळी एक फरक आहे आणि तो वाईटाकडे नेणारा आहे. गिरणी कामगाराकडे निदान हजेरी होती. तिकीट नंबर, पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड. त्या कागदांच्या आधारावर तीस वर्षांनी का होईना, तो किंवा त्याची मुलं घराचा अर्ज भरू शकली. भिवंडीच्या मागावर वीस वर्षं उभ्या राहिलेल्या, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या विणकराकडे पुष्कळदा यातला एकही कागद नाही, कारण त्याच्या शेडला कारखाना ठरू न देणं हाच या मांडणीचा पाया होता. यंत्रमागांसाठी आधुनिकीकरणाच्या योजना येतात त्या मागमालकाच्या नावाने येतात, मागांच्या संख्येवर मोजल्या जातात. शेडचं गोदाम होताना विणकर त्या मोजणीत कुठेच नसतो. अनुदानाचा पुढचा रुपया देण्याआधी सरकारने शेडागणिक तिथे काम करणाऱ्या माणसांची नोंद मागावी, ती नसेल तर अनुदान अडवावं, आणि शेड बंद होताना त्या नोंदीतल्या प्रत्येकाची देणी आधी चुकती करायला लावावीत. मालक विरोध करतील, व्यापारीही करतील, आणि सरकारला मतांची भीती घालतील. तरीही हे गोदामांची पुढची रांग उभी राहण्याआधीच करावं लागेल.